तीन पेट्यांचा कोरम

केनवड, ता. रिसोड
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय स्नेहा,

वर 'प्रिय' लिहिलंय ते तुला न विचारता. विचारायची सोय तू ठेवली नाहीस, माझा नंबर महिनाभरापूर्वी ब्लॉक केलास. नाही पटलं तर त्या एका शब्दावर काट मार आणि पुढं वाच, पण वाच. कॉलेज सोडल्यापासून मी हातानं एवढं कधी लिहिलं नव्हतं, तिसऱ्या पानापासून अक्षर घसरलंय, तेवढं चालवून घे. मधे एका ठिकाणी तुला हे कागद टराटरा फाडावेसे वाटतील. ती जागा कोणती तेही मला माहीत आहे. तिथं जरा दम धर.

शुक्रवारी वाशीमला बियाण्याच्या तक्रारींच्या समितीपुढं सुनावणी आहे. नोटीस तुझ्याकडं किन्हीराजाला पोचली असणार. हरभऱ्याचा सतरा नंबरचा लॉट उगवणशक्तीची शेवटची नोंद नसताना कंपनीबाहेर गेला, इंझोरीत उगवला नाही, आणि चाचणीची जबाबदारी तुझ्या नावावर, असं तीत आहे. अकोल्याच्या प्रयोगशाळेत तू अर्ज केलास हेही मला कळलं. नोंद न करताच निघून गेली, असा शेरा एकदा कागदावर चढला की त्या मुलीला कोणती प्रयोगशाळा उभी करेल? हे मला समजतं. तरी सांगतो, शुक्रवारी निवांत मनानं ये. धम्मा बढाया मारतो असं तू चारचौघांत म्हणायचीस. ही बढाई नाही. याला पुरावा आहे, तो लोखंडाचा आहे आणि पाऊण किलोच्या आसपास भरतो. तुला आधीच माहीत असलेल्या कितीतरी गोष्टी मी पुढं सविस्तर लिहिणार आहे. हा मला काय शिकवून राह्यला, असं म्हणू नकोस. त्याला कारण आहे.

मी दौलतसिंग शेठच्या बियाणे कंपनीत आलो तेव्हा सगळा कारभार ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर होता. कोणत्या शेतकऱ्याचं बियाणं, कोणता लॉट, प्लांटमधून कधी निघाला, सगळं त्यातच. ऐन सोयाबीनच्या हंगामात तो बसला आणि गेटवर दोन दिवस ट्रक उभे राहिले, कारण कोणत्या पोत्यात काय आहे हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. मी तेव्हा फक्त कॅमेऱ्याच्या वायरी ओढायला आलेला पोरगा होतो, वय एकवीस, डिप्लोमा अर्धा. स्टुलावरून खाली न उतरताच मी शेठना म्हणालो की तुमची चूक यंत्राची नाही, एकावर विसंबण्याची आहे. माणूस रागीट, पण ऐकून घेणारा. त्यांनी मला खाली उतरवलं, चहा दिला आणि म्हणाले, बोल.

मग मी तीन पेट्या बसवल्या. एक ऑफिसात, एक प्लांटमध्ये, एक तुझ्या लॅबमध्ये. बाहेरून बघणाऱ्याला एकच कपाट दिसतं, आत तीन असतात. तू लॅबमधून एक फाईल ठेवलीस की तिची प्रत त्याच क्षणी तिन्हीकडं जाते. एक पेटी जळाली, उंदरानं वायर कुरतडली, तरी काम थांबत नाही. दुरुस्त होऊन परत आली की बाकीच्या दोघी तिला मधे काय काय झालं ते भरवतात. यात एक नियम पक्का. लिहायचं तर तीनपैकी किमान दोन पेट्या एकमेकींना दिसल्या पाहिजेत. एकटी राहिलेली पेटी जुनं दाखवेल, पण नवीन लिहू देणार नाही. शेठ म्हणाले, "काहून बे? एकटीनं काम चालवलं तर काय बिघडते?" मी सांगितलं की वायर तुटली तर इकडच्या पेटीला वाटतं तिकडची मेली, तिकडचीला वाटतं इकडची मेली. दोघी आपापलं खरं मानून लिहीत बसतात. वायर जोडल्यावर एकाच फाईलची दोन रूपं समोर येतात, आणि दोन्ही शपथेवर खरी. तेव्हा कोणाचं धरायचं?

शेठ दहा वर्षं सरपंच होते. म्हणाले, म्हणजे हा कोरम झाला. ग्रामसभेचा असतो तसा. मी म्हटलं, अगदी तस्साच, यंत्राच्या भाषेतही त्याला हेच नाव आहे. यावर ते एवढे खूश झाले की कंपनीत येईल त्याला समजावून सांगायचे. आणि प्रत्येक वेळी शेवटी डोळा मारून जोडायचे, "पण तहकूब सभेले कोरम लागत नाही बरं." सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या वाक्यावर आता मला हसू येत नाही.

लॅबमध्ये वायर आणायला भिंतीला भोक पाडायचं होतं. मी ड्रिल घेऊन आलो आणि पांढऱ्या एप्रनमधली एक मुलगी दारात आडवी उभी राहिली. आत ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांमध्ये दाणे अंकुरत ठेवलेत, धूळ उडाली तर चाचणी बाद, तेव्हा भोक आठव्या दिवसानंतर. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. तू म्हणालीस, "दाण्याले तुही घाई माहीत नाही." स्नेहा, ज्या पोरानं सरांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही, हजेरीवरून भांडून स्वतःची जर्नल त्यांच्या टेबलावर आपटली आणि पॉलिटेक्निकच्या गेटबाहेर पडला तो पुन्हा फिरकला नाही, तो पोरगा एका भोकासाठी आठ दिवस थांबला. रोज येऊन विचारत होता, उगवले का म्हणून. पाचव्या दिवशी तू मला पहिली मोजणी दाखवलीस. शंभरातले किती सरळ, किती वाकडे, किती मेलेले. आठव्या दिवशी शेवटची मोजणी. तोवर माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भोक पाडताना माझं लक्ष तुझ्याकडं होतं आणि ते तिरपं झालं, अजून आहे.

एक गोष्ट मात्र मी तुझं ऐकलं नाही. तुझं मोजणीचं रजिस्टर होतं, निळ्या पुठ्ठ्याचं. तू म्हणालीस ते राहू दे. मी सगळ्यांसमोर हसलो आणि म्हणालो की तीन पेट्या असताना वही ठेवणं म्हणजे यंत्राचा अपमान आहे. शेठना पटवलं, वही बंद केली. फोटो लॅबच्या कॅमेऱ्यावर काढायचे, पेटीत चढवायचे आणि कार्ड कोरं करायचं, ही पद्धतही माझीच. तीन ठिकाणी गेलं म्हणजे गेलं, हे मी तुला शिकवलं. लॉट नापास झाला तर त्याची ओळ लाल करायची आणि लाल नसेल तो माल चालू, ही रीत कंपनीची आधीपासूनची होती.

आता खंडेनवमी. शेठच्या घराण्यात त्या दिवशी सगळी यंत्रं बंद, धुऊन पुसून एका ठिकाणी मांडायची, पूजा करायची आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना काम लावायचं नाही. पान्हे, वजनकाटा, पोती शिवायच्या मशिनी, सगळं पाटांवर. या वर्षी त्यांना वाटलं, ज्या पेट्यांवर आपला धंदा उभा आहे त्या पूजेबाहेर कशा? माझी रजा होती. आपण दोघं दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीला जाणार होतो, मी सकाळीच केनवडच्या जीपमधून आमच्या बाबांसोबत निघालो होतो. मी असतो तरी शेठना अडवलं असतं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी ऑफिसची पेटी आणि प्लांटची पेटी वायरीसकट काढून पाटावर मांडली, हळदीकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. तिसरी तुझी. तुला म्हणाले, तुझं मोजणं झालं की तीही पाठव. कारण तुझी रजा अर्ध्या दिवसाचीच होती. हरभऱ्याचा आठवा दिवस नेमका त्याच तारखेला आला होता आणि दाण्याला सण माहीत नव्हता.

पावणेबाराला कारंज्याजवळ आम्ही चहाला थांबलो होतो तेव्हा तुझा फोन आला. पेटी फाईल घेत नाही. मला लगेच कळलं, दोघी बंद म्हणून तिसरी नकार देतेय. म्हणजे ती बरोबर वागत होती. मी जसं शिकवलं तसंच. करायला हवं होतं ते एवढंच, शेठना फोन करून एक पेटी अर्ध्या तासासाठी पाटावरून उठवायला सांगायची. पण त्यात ते रागावले असते, वाद झाला असता, तास गेला असता. तुमच्या गावच्या बायांची नागपूरची गाडी किन्हीराजाहून अडीचला निघणार होती आणि केनवडहून तुझी एकची एसटी चुकली की तू नागपूरला येत नव्हतीस. मला तू नागपूरला हवी होतीस. मी वर्षभर त्या दिवसाची वाट बघत होतो. मी मोबाइलवरून आत शिरलो आणि कोरमचा नियमच बंद केला. तुला म्हणालो, "बिनधास्त लिही, मी आहे ना." तू लिहिलंस, फोटो चढवलेस, कार्ड कोरं केलंस, पेटी बंद करून पूजेला पाठवलीस आणि एसटी पकडलीस. मी चहाचा ग्लास ठेवला आणि जीपमध्ये बसलो. नियम पुन्हा चालू करायचं माझ्या डोक्यातून साफ गेलं. हीच ती जागा, स्नेहा. फाडायचं असेल तर इथं. पण पुढचं आधी वाच.

दसऱ्याला पूजा झाल्यावर ऑफिस आणि प्लांटच्या पेट्या परत जोडल्या. तुझी लॅब बंद, म्हणून तिसरी पाटावरच राहिली. त्या दोघींनी एकमेकींना बघितलं, दोघी आहोत म्हणजे कोरम झाला, असं धरलं आणि काम सुरू. तू लिहिलेलं त्यांच्याकडं नव्हतंच, ते एकट्या तिसरीच्या पोटात होतं. त्यांच्या यादीत सतरा नंबरची ओळ पांढरी. मुहूर्ताची पहिली गाडी त्याच संध्याकाळी निघाली, तीत सतरा नंबरची पोती होती. प्लांटवाल्यांचा दोष नाही, त्यांनी लाल बघितलं, लाल नव्हतं.

त्याच वेळी मी नागपुरात काय करत होतो तुला माहीत आहे. पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगेत तू दोन पुस्तकं हातात घेऊन किंमत बघत होतीस, आणि मी त्या गर्दीत, माझ्या बाबांपासून वीस पावलांवर, तुला लग्नाचं विचारलं. जागा चुकली असेल, पण शब्द बरोबर होते. तू पुस्तकं खाली ठेवली नाहीस. विचारलंस, "तुया नावाच्या फोल्डरात पाह्यलं का?" मी म्हटलं, कसलं फोल्डर? तू म्हणालीस, "मंग आधी पाय, मंग बोल." मी त्याचा अर्थ काय घेतला सांगू? की ही टाळून राह्यली. ही पदवीधर, आपण अर्धवट, म्हणून कामाचं काहीतरी सांगून वाटेला लावते. डोकं फिरलं. तुला तिथंच सोडून गर्दीत घुसलो. परतीच्या वाटेवर जीपमध्ये बाबांनी दोनदा विचारलं, पोरा काय झालं म्हणून. त्यांनाही तोडून बोललो.

शुक्रवारी कामावर आलो तो तसाच धगधगत. तिसरी पेटी जोडली आणि ती बाकीच्या दोघींशी जुळेना. एका फाईलवर भांडण, आणि चव्वेचाळीस फोटो व आणखी काही फाईली अशा की ज्या फक्त तिच्याकडं. पडद्यावर हे सगळं स्वच्छ लिहून आलं होतं. त्या एका फाईलची दोन्ही रूपं उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. फोटोंना तर हातही लावायला नको होता, ते आपोआप दोघींकडं गेले असते. पण ती लॅबची पेटी होती, आणि मला त्या दिवशी लॅबचं काहीही बघायचं नव्हतं. मी म्हटलं दोन विरुद्ध एक, एकटी खोटी. तिची डिस्क उपटली, नवी घातली आणि दोघींवरून भरून घेतली. उपटलेली डिस्क डब्याच्या पिशवीत टाकून घरी नेली. जो नियम मी स्वतः मोडला होता, त्याच नियमाच्या नावानं तुझी नोंद बाहेर फेकली.

दिवाळीनंतर इंझोरीचे शेतकरी जगदेवभाऊ आले. त्यांच्याकडं हातरुमालाची पुरचुंडी होती. ती त्यांनी शेठच्या टेबलावर सोडली. मातीतून उकरून काढलेले हरभऱ्याचे दाणे, फुगलेले, काही कुजलेले. ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की तुमच्या पिशवीवर नाव पाहून घेतलं होतं. शेठनी तुला बोलावलं, प्लांटमधली माणसंही जमली. तू यादी बघितलीस, पांढरी ओळ बघितलीस आणि चेहरा उतरला तुझा. म्हणालीस, मी लाल केला होता, एकसष्ट टक्के आला होता, पंच्याऐंशी लागतात, फोटो आहेत. फोटो नव्हते. वही नव्हती. मग तू माझ्याकडं वळलीस. "धम्मा, तू सांग. मी त्या दिवशी लिहिलं होतं की नाही?"

आणि मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही."

मला खरंच आठवत नव्हतं, असं मी स्वतःला तीन आठवडे सांगितलं. आठवायचं नव्हतं, हे जास्त खरं. तुझा फोन आला होता एवढं आठवत होतं. पण नागपूरचा राग पोटात होता आणि तो त्या क्षणी माझ्या तोंडून बोलला. तू एप्रन काढलास, चार घड्या करून टेबलावर त्या दाण्यांच्या शेजारी ठेवलास आणि गेलीस.

आता मागच्या रविवारचं. रिसोडच्या एका फोटो लॅबवाल्यानं मला बोलावलं, त्याचे अल्बम बनवणारे चार जण एकाच वेळी त्याच फाईलींवर काम करतात, त्याला तीन पेट्या हव्या होत्या. हो, आता मला बाहेरून कामं येतात, मानोऱ्याहूनही एक आलंय. तुला सांगायला बरं वाटतंय म्हणून सांगतो. त्याला दाखवायला म्हणून मी आपल्या पेट्यांना दिलेल्या आज्ञांची माझ्या मोबाइलमधली यादी उघडली. वर्षभरात मी काय काय केलं ते त्यात तारखेसकट असतं. वाचत वाचत खाली आलो. एक ऑक्टोबर, अकरा वाजून बावन्न मिनिटं, कोरम बंद. माझ्या नावानं, माझ्या मोबाइलवरून. त्याच्या खाली कुठंही 'चालू' नव्हतं. दीड महिना मला त्याची आठवणही झाली नव्हती. फोटोवाल्याला मी म्हटलं, मी उद्या येतो. त्याला वाटलं मला बरं नाही.

घरी येऊन डिस्क शोधली. पिशवीत नाही, कपाटात नाही, पलंगाखाली नाही. माझी आरडाओरड ऐकून आई आली. आमची भागिरथाबाई तुला माहीत आहे, ती कोणाच्या आवाजाला आवाज देत नाही. शांतपणे मला चुलीजवळ घेऊन गेली. मांजर दुधाच्या पातेल्यावरचं झाकण पाडायची, म्हणून त्या झाकणावर वजन हवं होतं. माझी डिस्क महिनाभर दुधावर बसून होती. आई म्हणाली, "तुया कंपनीतलं एक तरी सामान घरच्या कामाले आलं, तेही घेऊन चालला का?" मी तिला बदल्यात पाटा-वरवंट्यातला वरवंटा दिला. डिस्क पुसली, जोडली. आवाज केला तिनं थोडा, मग फिरायला लागली.

सगळं होतं, स्नेहा. चव्वेचाळीस फोटो. प्रत्येक गुंडाळीजवळ तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, लॉट नंबर, तारीख. एका फोटोत कोपऱ्यात तुझा अंगठा आला आहे, त्यावर शाईचा डाग. यादी उघडली. सतरा नंबरची ओळ लालभडक, एकसष्ट टक्के, वेळ बारा वाजून सात मिनिटं, आणि शेऱ्यात तीन शब्द: माल थांबवा, नापास. तू लिहिलं होतंस. एसटीला त्रेपन्न मिनिटं राहिली असताना तू एक आकडा चुकवला नव्हतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, नागपूर वगळून. प्लांटमधली माणसंही बोलावली, कारण तुला ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच हे व्हायला हवं होतं. मला वाटलं होतं ते आता मला गेटबाहेर काढतील, मी नोकरी जाईल या तयारीनं गेलो होतो. शेठ म्हणाले, "म्हणजे तहकूब सभा तूच भरवली, अन् ठरावही तूच पास केला." कोणी हसलं नाही. मग म्हणाले, "पेट्या पाटावर मीच मांडल्या होत्या. अर्धं माह्याकडं लिही." शुक्रवारी ते येणार आहेत. इंझोरीलाही मी मोटरसायकलनं जाऊन आलो. जगदेवभाऊंचा दुसऱ्यांदा पेरलेला हरभरा उभा आहे, वीतभर. त्यांनी ऐकून घेतलं, बांधावर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, त्या दिवशी त्या पोरीकडं मी वाईट नजरेनं पाह्यलं, तिले म्हणा जगदेवनं विचारलं म्हणून. विचारलं, असं लिहितो.

आता कंपनीत कोरम बंद करायचा तर दोन माणसांच्या किल्ल्या लागतात, एकट्याला जमत नाही, मलाही नाही. एक किल्ली शेठकडं. दुसरी लॅबची, ती अजून कोणाला दिलेली नाही. तुझं निळं रजिस्टर मी शोधून परत टेबलावर ठेवलंय, सोबत लाल पेन.

आणि त्या डिस्कवर माझ्या नावाचं फोल्डर होतं. ते मी सगळ्यात शेवटी उघडलं, धीर होत नव्हता. पॉलिटेक्निकचा पुनर्प्रवेशाचा फॉर्म. माझं नाव, जन्मतारीख, दुसऱ्या वर्षाचे मार्क, सगळं तू भरलेलं. फक्त सहीची जागा कोरी. खाली लिहिलेलं, 'सही कर. अर्ध्यावर सोडून आलास तिथूनच सुरू करता येतं, मी विचारून आले. घरी बाबांना आपलं सांगितलंय. ते नवं सत्र सुरू होईपर्यंत थांबतो म्हणाले.' वेळ बारा वाजून एकोणीस मिनिटं. म्हणजे त्या दिवशी मोजणी संपवून, एसटी गाठायची घाई असताना, तू आणखी बारा मिनिटं माझ्यासाठी थांबली होतीस. मी नागपूरला विचारण्याआधीच तू उत्तर ठेवून आली होतीस, आणि मी ते न वाचता दुधाच्या झाकणावर ठेवलं. गुरुवारी मी तो फॉर्म छापून, सही करून नेऊन दिला. तेच सर होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत मला बघितलं आणि विचारलं, जर्नल आणलीस का? मी म्हटलं, आणीन सर. वाक्य त्यांचं पूर्ण झाल्यावर म्हटलं.

तर हे पत्र का लिहिलं ते सांगतो. याच्या मी तीन प्रती केल्या आहेत, तिन्ही हातानं. एक शेठकडं बंद पाकिटात आहे, एक शुक्रवारी समितीपुढं ठेवणार आहे, डिस्क आणि आज्ञांच्या यादीसोबत. म्हणूनच पेट्या, कोरम, पूजा, सगळं नवख्याला कळेल असं लिहिलं. मी शुक्रवारी तिथं उभा राहून बोलेनच, पण माझ्या तोंडाचा भरवसा तुला नाही आणि मलाही फारसा नाही. मी तापलो, बोबडी वळली, ऐन वेळी कोणी मला गप्प केलं, तरी दोन प्रती तुझ्या बाजूनं बोलतील आणि तेवढ्यानं कोरम होतो. पण माझ्या तोंडून पहिल्यांदा तू हे सगळ्या लोकांत ऐकू नयेस. ते आधी तुझ्या एकटीच्या हातात यावं. त्या दोन प्रतींत मी फक्त मधली पानं उतरवली आहेत. भोकाचं, पुस्तकांच्या स्टॉलचं, फॉर्मचं त्यांत नाही. वरचं 'प्रिय' आणि खालची सही फक्त याच कागदावर आहे, त्याची दुसरी प्रत कुठंही ठेवलेली नाही. म्हणून म्हटलं, फाडू नकोस. नवं सत्र पंधरा डिसेंबरला सुरू होतंय. तुझे बाबा अजून थांबलेत का, एवढं शुक्रवारी सांग. आठ दिवस लागले तरी चालतील.

काट मारायची असेल तर मार, तरीही तुझाच,
धम्मरत्न